एचडीएमआय, मामा आणि मागचा बाक

तालुक्याच्या कॉलेजात तंत्रज्ञान येतं ते थर्माकोलमध्ये गुंडाळून. आधी खोकं येतं. मग खोक्यासोबत प्राचार्यांचा फोटो निघतो. फोटोखाली अक्षांश-रेखांश नीट उमटलेत ना, हे दोघं-तिघं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघतात, कारण जिओ-टॅग नसलेली घटना हल्ली घडलेली धरत नाहीत. हे सगळं यथासांग पार पडल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की बोर्ड ज्या भिंतीवर टांगायचा तिथे प्लगच नाही. आमचा स्मार्ट बोर्ड असाच आला आणि बरेच दिवस स्टाफरूममध्ये कपाटाला टेकून उभा राहिला. त्या काळात त्याच्यावर प्रॅक्टिकलचं वेळापत्रक सेलोटेपने चिकटवलेलं असायचं. पुढे त्याचे जे जे उपयोग झाले, त्यांत सगळ्यांत खात्रीचा हाच.

बोर्डाच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट कळली. प्राध्यापकाची रिकामी जागा भरायची तर शासन निर्णय लागतो, वित्त विभागाची मान्यता लागते, बिंदुनामावली लागते, आणि एवढं सगळं होईपर्यंत आधीचा आणखी एक जण निवृत्त होतो. बोर्ड घ्यायला तीन कोटेशनं पुरतात. त्यामुळे आमच्याकडे बोर्ड आहे आणि समोर उभे राहणारे निम्मे लोक तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवाले आहेत. ते सकाळी इथे, दुपारी पलीकडच्या तालुक्यात. दोन्हीकडच्या तासांचे पैसे एकदमच मिळतात, मार्च उलटून गेल्यावर.

बोर्डावर तास घ्यायचा म्हणजे सोवळं नेसून करायचं काम. वर्गाची किल्ली मामांकडे. कॉलेजातला शिपाई वयाने आपल्यापेक्षा लहान असला तरी मामाच, आणि मामा झेरॉक्सला गेलेले असतात. मामा आले, कुलूप निघालं, तर रिमोट ऑफिसात. रिमोट आला, तर त्यातले सेल ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळात. सेल परत मिळाले, तर आपल्या लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक नाही. त्याला डोंगल लागतं. डोंगल कॉमर्सच्या मॅडमकडे आणि मॅडम इलेक्शन ड्युटीवर. शेवटी कसाबसा पडदा निळा होतो आणि त्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरं या कडेपासून त्या कडेपर्यंत तरंगायला लागतात. ती अक्षरं बरोब्बर कोपऱ्यात जाऊन टेकतात की नाही, याकडे आख्खा वर्ग श्वास रोखून बघत असतो. ‘टेकलं! टेकलं!’ असा मागच्या बाकावरून आवाज येतो. माझ्या कुठल्याही वाक्याला आजवर असा प्रतिसाद मिळालेला नाही.

मामा तारा खुपसत असतात, तेवढ्यात काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारतो, “काय रे, यंदा टोमॅटोचं काय झालं?” विषय मागणीची लवचिकता. स्लाइडवर अमेरिकन पुस्तकातून उचललेली आलेखाची तिरकी रेघ तयार आहे, पण ती अजून लॅपटॉपच्या पोटात अडकलेली. मागच्या बाकावरचा पोरगा उठतो. एरवी तो हजेरीला ‘यस सर’ म्हणायलासुद्धा तोंड उघडत नाही. “सर, जुलैत शंभरच्या वर होता तेव्हा आमच्याकडं माल नव्हता. माल आला तेव्हा क्रेटला भाडंबी सुटंना. बापानं बांधावर ओतला.” २०२३ सालची गोष्ट. त्या जुलैत शहरात टोमॅटोने शंभरी ओलांडली, बातम्यांमध्ये त्याच्या चोऱ्या झाल्या, आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो शेतकऱ्यांनी रस्त्यावर फेकला. मग मी विचारतो, “पिकलं जास्त, तर पैसे जास्त यायला हवेत. कमी कसे आले?” आता वर्ग जागा होतो. एक मुलगी म्हणते, “सर, स्वस्त झाला म्हणून कुणी दोन वेळा भाजी थोडीच करतंय?” झालं. लवचिकता संपली. म्हणजे शिकवून संपली. पडद्यावर रेघ उगवते तेव्हा घंटा होत असते आणि मामा विजयी मुद्रेनं म्हणतात, “घ्या सर, चालू झालं.”

यात माझं कर्तृत्व शून्य आहे. मुलगी आधीच शहाणी होती. तिला ते शहाणपण वर्गात बोलून दाखवायचं असतं हे ठाऊक नव्हतं, एवढंच. पण ‘बोल’ असं म्हणायला समोर कुणीतरी लागतं. आणि म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसायचं, हेही त्याला जमावं लागतं. हे दुसरं फार अवघड. प्राध्यापकाला गप्प बसवण्यासाठी तंत्रज्ञानाने आजवर केलेली सगळ्यांत मोठी मदत म्हणजे ‘नो सिग्नल’.

शिकवण्याच्या धंद्यात सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘कळलं का?’ आणि सगळ्यांत खोटं उत्तर ‘हो सर’. या दोहोंच्या मधली जागा ओळखणं हाच आमचा हुन्नर. बाकी माहिती वगैरे पुस्तकात असतेच. एकसुरात आणि खणखणीत आलेलं ‘हो सर’ म्हणजे कुणालाच काही कळलेलं नाही. फक्त पहिल्या बाकावरून आलं, तर त्यांना शिकवण्याआधीच कळलेलं होतं. ‘हो’ म्हणताना पेनाचं टोपण लावलं, तर विषय संपवायची विनंती आहे. मान हलते आणि नजर शेजारणीच्या वहीवर जाते, तर दोन वाक्यांपूर्वीच धागा तुटलाय. आणि ‘हो... म्हणजे...’ असं अर्धवट काही आलं की खडू खाली ठेवून त्या मुलाजवळ जायचं, कारण आख्ख्या वर्गात विचार करणारा तेवढा एकच.

याला पर्याय म्हणून आम्हाला एक ॲप मिळालं आहे. त्यात मुलं अंगठा वर करतात. अंगठ्याला चेहरा नसतो, ही त्याची अडचण. तेच ॲप हजेरीही मोजतं. तीन वाजून गेले की पटावरची दहा-बारा नावं लाल होतात आणि इंग्रजीत सूचना येते की या विद्यार्थ्यांचा शिकण्यातला सहभाग घसरतो आहे. सहभाग घसरत वगैरे नाही. तीन वीसची एसटी आली आहे. ती चुकली तर पुढची मुक्कामाची, आणि मुक्कामाच्या गाडीने मुलगी घरी गेली तर उद्यापासून कॉलेज बंद. तालुक्याच्या प्राध्यापकाला अभ्यासक्रम एकवेळ पाठ नसेल, पण डेपोचं वेळापत्रक पाठ हवं. मी महत्त्वाचा मुद्दा तीन दहाच्या आत सांगून टाकतो.

कोविडच्या काळात ‘कळलं का?’ हा प्रश्न काही महिने बाजूला पडला आणि त्याच्या जागी ‘ऐकू येतंय का?’ आला. त्याचंही उत्तर यायचं नाही. पडद्यावर रंगीत गोल आणि गोलात आद्याक्षरं. शंका आली म्हणून एकदा मध्येच विचारलं, “मी आता चुकीचं सांगितलं, कुणाच्या लक्षात आलं?” एका गोलातून कुकरची शिट्टी आली, आणि ती अगदी वेळेवर आली. पण हसताना हेही सांगितलं पाहिजे की त्याच काळात कोकणात रेंज मिळते म्हणून मुलं डोंगरावर छप्पर घालून पावसात बसली होती. तिथे जाऊन एखाद्याने माझं अर्थशास्त्र ऐकावं, या कल्पनेने मला अजून अवघडल्यासारखं होतं. त्या लायकीचं मी काही बोलत नव्हतो.

शिक्षकाला घरी बसवायचा बेत काही नवा नाही. १९१३ साली थॉमस एडिसनने सांगून टाकलं होतं की पुस्तकं लवकरच शाळांतून जातील, सगळं शिक्षण सिनेमातून होईल आणि दहा वर्षांत शाळा ओळखू येणार नाहीत. दहा वर्षांनी शाळा होत्या तशाच होत्या, पोरं मात्र शाळा बुडवून सिनेमाला जायला लागली होती. म्हणजे निम्मं भाकीत खरं ठरलं. आपल्याकडे १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं तेही शिक्षण आणि विकासासाठीच. पुढे टीव्हीचं काय झालं ते रात्री आठ ते दहामध्ये घराघरांत दिसतं. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना शेती आणि शाळेचे कार्यक्रम दाखवले. हे खरोखर मोठं काम होतं आणि त्याची थट्टा करायला माझी जीभ रेटत नाही. थट्टा करायची तर १५ ऑगस्ट १९८४ पासून सुरू झालेल्या यूजीसीच्या देशव्यापी वर्गाची करता येईल. दुपारच्या वेळी, इंग्रजीत, एक गंभीर गृहस्थ पेशीचं विभाजन समजावून सांगत असायचे आणि महाराष्ट्रभर आज्या त्यांच्यासमोर शेंगा सोलत असायच्या. आमच्या आजीचं त्यांच्याविषयी चांगलं मत होतं. “किती वेळ बोलतो बिचारा, पण कुणावर ओरडत नाही,” असं ती म्हणे.

मग आले मूक, म्हणजे इंटरनेटवरचे सगळ्यांना खुले असलेले कोर्स. २०११ साली स्टॅनफर्डमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका फुकट कोर्सला जगभरातून १,६०,००० लोकांनी नावं नोंदवली. तो शिकवणारे सेबॅस्टियन थ्रुन यांना त्यामुळे एवढा हुरूप आला की पन्नास वर्षांनी जगात उच्च शिक्षणाच्या दहाच संस्था उरतील, असं त्यांनी २०१२ मध्ये सांगितलं. दहा? आमच्या जिल्ह्यात एकेका शिक्षणसम्राटाच्याच त्याहून जास्त आहेत. २०१२ हे मूकचं वर्ष म्हणून वर्तमानपत्रांनी साजरं केलं, आणि पुढच्या वर्षी थ्रुनसाहेबांनीच आपला माल भिकार असल्याचं मान्य करून टाकलं. नाव घालणारे लाखांत आणि शेवटपर्यंत टिकणारे बहुतेक ठिकाणी शंभरात दहासुद्धा नाहीत, असा तो मामला होता. जिम लावणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. फी भरूनसुद्धा माणूस फेब्रुवारीत गळतो. इथे तर फी पण नव्हती आणि ‘काल का नाही आलास?’ असं विचारणारं पण कुणी नव्हतं.

मला यातली सगळ्यांत आवडती गोष्ट हार्वर्डची आहे. तिथे एरिक माझुर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मुलं त्यांच्यावर खूश होती. गणितं अवघड दिली तरी पटापट सोडवायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वर्गाला न्यूटनच्या नियमांवरची अगदी साधी चाचणी दिली, ट्रक आणि छोटी गाडी एकमेकांवर आपटली तर कोण कुणाला जास्त जोरानं ढकलतं, अशा थाटाची. तेव्हा एका मुलीनं विचारलं की सर, उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू की मला खरं वाटतं तसं? हा प्रश्न आमच्या मुलांनाही रोज पडतो, पण ती विचारत नाहीत. तुम्ही शिकवलंय तसं लिहून मोकळी होतात. माझुर चमकले. मग एकदा काहीही करून मुलांना पटेना, तेव्हा ते म्हणाले, बरं, शेजाऱ्याला समजावून सांगा. दोन मिनिटांत वर्गाला कळलं! उत्तर नोंदवायची बटणवाली यंत्रं मागाहून आली, युक्ती त्याआधीची. हार्वर्डला हा शोध लागला आणि त्याचं जगभर नाव झालं. आमच्याकडे मागच्या बाकाला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्यांना ‘शेजाऱ्याशी बोलू नकोस’ म्हणून वर्गाबाहेर काढत आलो आहोत.

यंत्र शिक्षकाची जागा घेईल का, यावर स्टाफरूममध्ये चहाबरोबर चर्चा होते. ती फार उशिरा होते आहे. आम्हाला एक सर होते. त्यांच्या पिवळ्या पडलेल्या वहीतून ते डिक्टेशन द्यायचे. ‘पूर्णविराम. नवा परिच्छेद. अधोरेखित करा.’ एके ठिकाणी ते दरवर्षी तोच विनोद करत. आमच्या वरच्या वर्गातल्यांनी त्या जागी वहीत कंसात ‘हशा’ असं लिहून ठेवलं होतं, आणि ती वही झेरॉक्स होऊन आमच्याकडे आल्यामुळे आम्ही वेळेवर हसायचो. त्या सरांची जागा ज्या दिवशी फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान उघडलं, त्याच दिवशी गेली होती. फरक एवढाच की झेरॉक्सवाल्याला वेतन आयोग लागू नव्हता. बाकी तो आमच्यापेक्षा जाणकार. अभ्यासक्रम बदलला की अभ्यास मंडळाच्या आधी त्याला कळतं, आणि चौथ्या घटकातून काय येणार हे तो स्टेपलर मारता मारता सांगतो.

उलट ज्या तालुक्यात संख्याशास्त्राला माणूसच नाही, तिथली एखादी मुलगी रात्री घरचे झोपल्यावर एनपीटीईएलवर आयआयटीच्या सरांचं व्याख्यान बघते, न कळलेला भाग मागे नेऊन पुन्हा बघते, ‘परत सांगा’ म्हणायला लाजावं लागत नाही म्हणून आणखी एकदा बघते. तिच्यासमोर यंत्र विरुद्ध माणूस वगैरे बोलायची कुणाची छाती आहे? २०१७ पासून ऑनलाइन कोर्सचं सरकारी ‘स्वयम्’ आहे, तेही तिच्याच उपयोगाचं. तिला माणूस नाकारून यंत्र दिलेलं नाही. तिला काहीच दिलेलं नव्हतं.

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि आमच्याकडे असाइनमेंटा शुद्ध मराठीत यायला लागल्या. धक्का मोठा होता. एरवी मोठ्या बहिणीची फाइल यायची, वर बहिणीचं नाव व्हाइटनरने झाकलेलं, आत मात्र ती ‘मी या गावची सून झाल्यावर’ वगैरे लिहून गेलेली. आता सगळं स्वच्छ. ‘ग्रामीण पतपुरवठा’ या विषयावर तीस असाइनमेंटा आल्या आणि तिसांतही ग्रामीण पतपुरवठा महत्त्वपूर्ण भूमिका बजावत होता. पोरांवर रागवायचं कसं? प्रश्नपत्रिका सेट करताना आमच्यातल्या काहींनी तीच खिडकी उघडलेली असते. म्हणजे प्रश्न यंत्राचा, उत्तर यंत्राचं, आणि अधेमधे सह्या करायला आम्ही दोघं.

तोंडीला त्यातलाच एक समोर आला. लिहिलेल्यातलं त्याला एक वाक्य सांगता येईना. अंगठ्यानं टेबलाची कड खरवडत उभा. मी फाइल मिटली आणि विचारलं, “घरी पीककर्ज आहे?”

“आहे ना सर. सोसायटीचं.”

“फेडलं का?”

“नवं-जुनं केलं.”

“म्हणजे काय केलं?”

मग तो बसला, म्हणजे मीच बस म्हटलं, आणि त्यानं सांगितलं. मार्चअखेर जुनं कर्ज भरलं तर व्याजात सवलत मिळते आणि नवं कर्ज मिळतं. पण भरायला पैसे कुठले? मग वडील गावातल्या एकाकडून आठ-दहा दिवसांसाठी उचलतात, सोसायटीत भरतात, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून त्याचे परत करतात. त्या आठ-दहा दिवसांचा दर किती, तो देणारा कोण, तो सोसायटीच्याच बोर्डावर कसा, आणि त्यामुळे कागदावर वसुली झकास आणि घरात पैसा एक नाही, हे सगळं त्यानं हातवारे करून समजावलं. मध्येच टेबलावरचे दोन खडू घेऊन एक सावकार आणि एक सोसायटी केली. बहिःस्थ परीक्षक ऐकत होते. ते शहरातले. त्यांनी चहा बाजूला सरकवला आणि वहीत टिपून घ्यायला लागले. पोराला मी बरे मार्क दिले. फाइलला किती द्यायचे हा प्रश्न होता. ती मी यंत्राच्या नावावर सोडून दिली.

हे सगळं विद्यापीठांच्या लक्षात आलं नाही असं समजू नका. परवाच आमच्यासाठी ‘तंत्रज्ञानाच्या युगात शिक्षकाची मानवी कौशल्ये’ या विषयावर प्रशिक्षण झालं. ऑनलाइन. पदोन्नतीला प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे उपस्थिती उत्तम. सुमारे दोनशे प्राध्यापक, दोनशे बंद कॅमेरे. तज्ज्ञ मार्गदर्शक ‘विद्यार्थ्यांशी नजरभेट’ या स्लाइडवर आले आणि म्हणाले, नजर सगळ्या वर्गावरून फिरवावी. हे सांगताना ते त्यांच्या पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होते, बहुधा तिथे घड्याळ असावं. मी कॅमेरा बंद ठेवून चाचणी परीक्षेचे पेपर तपासत होतो. आमच्या बॉटनीचे सर दळण आणायला गेले होते. चक्कीचा आवाज काही काळ सगळ्या महाराष्ट्राने ऐकला आणि मग कुणीतरी त्यांना म्यूट केलं.

“विद्यार्थ्याचं लक्ष उडालंय हे शिक्षकाला चेहऱ्यावरून...” एवढं बोलून मार्गदर्शक थांबले. तोंड अर्धं उघडं, हात हवेत. आम्हाला वाटलं, परिणामासाठी थांबलेत. चांगला वक्ता थांबतोच. पहिला पेपर संपला, दुसरा संपला, तरी हात हवेतच. त्यांचं नेट गेलं होतं. दोनशे जणांत हे कुणाच्या लक्षात कधी आलं ते सांगता येत नाही, कारण चॅटमध्ये ‘व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह सर’, ‘एक्सलंट सेशन सर’, ‘थँक्यू सर’ असे निरोप एकामागून एक पडतच होते. मार्गदर्शक परत यायच्या आत आयोजकांनी फीडबॅक फॉर्मची लिंक टाकली, कारण तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. त्यात ‘मार्गदर्शकांनी साधलेला संवाद’ असा एक रकाना होता. सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. मीही दिले.